हिरड्या बऱ्या होऊ नयेत म्हणून

आता हा गाढवपणा कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहा उकळेपर्यंत ऐकाच.

मी राहतो वर्तकनगरला, एकटाच. लेक मृणाल डोंबिवलीला. हिरड्यांची डॉक्टर आहे! संसार, दवाखाना, पेशंट. "बाबा, या रविवारी नक्की येते हं," असं दर रविवारी फोनवर सांगते. तिची आई गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय, की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं.

अशात माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मृणालने दवाखान्यात बोलावून घेतलं. मग काय! दर शनिवारी अर्धा तास लेक माझी हनुवटी धरून हिरड्यांखालचं कीटण काढायची आणि मला झापायची. नंतर दोघं मिळून चहा. अहो, काय सुख सांगू!

आणि एका शनिवारी म्हणाली, "मस्त! हिरड्या घट्ट झाल्या. आता सहा महिन्यांनी या."

सहा महिने? म्हणजे माझे शनिवार बंदच की!

तुम्ही काय केलं असतं? मी ब्रश करणंच सोडलं! महिन्याभरात हिरड्या टम्म सुजल्या. आरशात बघून मी खूश! लगेच फोन केला आणि पुन्हा शनिवार सुरू झाले.

पण पोर घाबरली हो. माझी शुगर तपासली, नॉर्मल निघाली. औषध बदललं, तरी रक्त येतंच. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, माझंच काहीतरी चुकतंय. आता माझ्या सरांना दाखवा. तुमच्या मागच्याच गल्लीत बसतात. इथवरची दगदग नको तुम्हाला."

झालं! सरांनी माझ्या तोंडात आरसा घातला मात्र, लगेच म्हणाले, "काका, ब्रश करत नाही ना?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मृणालला फोन लावला.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात मृणाल! किती महिन्यांनी घरी आली होती! मला ओढतच बेसिनपाशी नेलं, ब्रशवर पेस्ट लावून हातात दिला. "घासा! माझ्यासमोर."

मी घासायला लागलो. ती बाजूला उभी, रागाने लाल. मग एकदम तिचा आवाज उतरला. "का केलंत असं, बाबा?"

अगं, आठवण येते तुझी. फार येते. एवढंच तर सांगायचं होतं! पण तोंडात हा एवढा फेस. घाईघाईने बेसिनवर वाकलो, तर तिने खांदा धरला.

"थुंकू नका एवढ्यात. मागचे दात राहिलेत."