फळ्यावरचं नाव

कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासात बारीक पिनचा चार्जर हाती लागला आणि ती संध्याकाळ आठवली. विक्रोळीच्या आमच्या सोसायटीत जुने मोबाइल गोळा करायची पेटी आली होती. देणाऱ्याचं नाव लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहायचे. दोन दिवस पेटी रिकामीच. मग तळमजल्यावरच्या काकांचं नाव लागलं आणि रांगच लागली. "सगळ्यांची नावं आहेत, आपलंच नाही," बायको म्हणाली. मी पडलो अब्रूला जपणारा. आईच्या कपाटातला बंद पडलेला फोन टाकून आलो, वर फळ्याचा फोटोही काढला. टेम्पो पेटी घेऊन गेल्यावर आई म्हणाली, "अरे, ह्यांचा आवाज होता रे त्यात. दुरुस्त करून आणणार होतास ना?" बाबांचा तेवढाच आवाज उरला होता. फळा दुसऱ्या दिवशी पुसला. चार्जर मात्र आई अजून कुणाला टाकू देत नाही.