माझ्या घोरण्याची कॅसेट

बसल्या जागी झोपण्यात माझा हात धरणारा आमच्या मुरबाड तालुक्यात कोणी नव्हता. मुलगी बघायला गेलो, तिथे पोह्यांची बशी हातात धरून झोपलो. धसईच्या बाजारात काकड्या विकायला बसलो आणि झोपलो. जाग आली तेव्हा समोर गिऱ्हाईक म्हणून एक बकरी होती. तरी पोहेवाल्या मुलीने होकार दिला. आमच्याकडे घोरणारा पुरुष म्हणजे सुखी पुरुष. "जावई निवांत हाय," असं सासरे कौतुकाने सांगायचे.

बायकोला मात्र ते पटत नव्हतं. "तुमच्या घोरन्याचा तरास नाय वो मला. तुमी मधीच थांबता, त्याचा हाय."

"थांबलो की तेवढं तू झोपून घे," मी म्हणायचो.

घरात टेपरेकॉर्डर नुकताच आला होता. एका दुपारी मी ओटीवर आडवा झालो असताना तिने तो उशाशी ठेवला आणि भजनाची कॅसेट पुसून तिच्यावर माझं घोरणं भरलं. मला लाज वाटावी म्हणून. मला कसली लाज! मी ती कॅसेट पारावर नेली. आधी भातगिरणीसारखी घरघर. मग सगळं चिडीचूप. मग बांगड्या वाजतात आणि तिचा घाबरा आवाज येतो, "अवो, श्वास घ्या ना! घ्या ना वो!" मग एक आचका, आणि गिरणी परत चालू. लोक पोट धरून हसायचे. फर्माईश झाली की मी तिची नक्कलही करायचो, आवाज चिरका करून.

पुढे ती काविळीने गेली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. पोराला शिकवीन, गाय विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. वाट बघता बघता मी, म्हणजे तिचा सख्खा नवरा, तिथेच झोपलो. घोरलो. आणि थांबलो. मेहुणीने गदागदा हलवून उठवलं. "दाजी, आता कोन हलवनार तुमाला? तिचा जीव ह्यातच आडकलाय. डॉक्टरकडं जातो म्हना!"

म्हणालो. कावळा शिवला. माझं घोरणं बंद झालं म्हणून तो खाली उतरला, असंही गावात बोलतात.

कल्याणच्या डॉक्टरांनी कॅसेट ऐकली. ते हसले नाहीत. मधली शांतता आली तसं बोट वर केलं. "आजार घोरण्यात नाही, इथे आहे. स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास बंद पडतो." मग बांगड्या वाजल्या. "ह्या बाई रोज अशा जाग्या असायच्या?"

मी कॅसेट काढून खिशात घातली.

नाकावर मुखवटा चढवून हवा सोडणारं यंत्र आलं. मग मी कॅसेट घेऊन फिरू लागलो. शेणवा, धसई, जिथे दवाखान्याची रांग दिसेल तिथे. "डॉक्टर नाय, पेशंटच सांगतोय, ऐका." कॅसेट संपली की मागची एखादी बाई हळूच म्हणायची, "आमचे बी असेच थांबतात." तेवढ्यासाठी फिरायचं. पण फीत झिजत चालली. बांगड्या खरखरीत बुडू लागल्या. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. म्हणून शहापूरला कॉम्प्युटरवर आवाज साफ करून देणाऱ्या एका दुकानात कॅसेट दिली. "एकदम स्वच्छ करा," असं मीच बजावलं.

दुकानदार खुशीत होता. "काका, घोरणं कसं टकाटक आलंय बघा! मधी एक बाई डिस्टर्ब करत होती, ती पुसून टाकली. आणि नवी कॅसेट कशाला, तुमच्याच कॅसेटवर परत भरलंय."

"आणि कॉम्प्युटरातलं जुनं?"

"ते उडवलं. जागा लागते ना."

त्याला काय बोलणार? सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं.

ती कॅसेट मी अजून लावतो. घरघर होते, मग शांतता येते. तिथे मी आवाज चिरका करून म्हणतो, "अवो, श्वास घ्या ना. घ्या ना वो." ह्याच नकलेला अख्खा पार हसायचा. आता कोणी हसत नाही. नक्कल बिघडलीय माझी, दुसरं काय.