सर्व्हरवरचा झेंडू
“काकूने हाथ लगाया, मशीन बैठ गया,” मालक फोनवर कुणाला तरी हसत सांगत होते. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट छापायचं काम काकूंकडे होतं. रोज दुपारी त्यांनी प्रिंट दिली की सर्व्हर अडकायचा. मग त्या त्याच्यावरचा खंडेनवमीचा सुकलेला झेंडू अलगद बाजूला ठेवायच्या, नमस्कार करायच्या आणि तो बंद करून पुन्हा चालू करायच्या. काही तास सगळं नीट चालायचं. शनिवारी मालकांनी काकूंना कामावरून काढलं. लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळायचे. सोमवारी मी पहिल्यांदाच सकाळपासून स्क्रीनसमोर बसून राहिले, तेव्हा मोकळी मेमरी हळूहळू संपताना दिसली. डेटाबेस ती सगळी घेत होता, रिपोर्टच्या प्रोग्रॅमला काहीच उरत नव्हतं. डेटाबेसने किती मेमरी घ्यायची ती मर्यादा महिन्यापूर्वी मीच वाढवली होती, रिपोर्टही याच मशीनवर तयार होतात हे विसरून. मी आकडा गुपचूप कमी केला. दुपारी सर्व्हर अडकला नाही. मालक काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “देखा?” मी मान खाली घातली. त्यानंतर झेंडूचा वास आला की मला ती खुर्ची दिसते. काल अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात मी फुलं घेत होते, तर मागून ओळखीचा आवाज आला, “सर्व्हर बरा आहे ना गं आता?” माझ्या हातातली फुलं तशीच राहिली. “काकू,” मी म्हणाले, “तो तुमच्यामुळे अडकत नव्हता. माझ्यामुळे अडकत होता.”