सुरमईचं मतदान

मतपेट्या पळवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मतपेटीतून वाटण लावलेली सुरमई निघाली, ती फक्त आमच्या मंडळाच्या निवडणुकीत. आणि ती पेटी मी स्वतःच्या हातांनी वाहून आणली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोह्यात आमच्या गावची दीडदोनशे माणसं होती, म्हणून गावाच्या कामांसाठी एक मंडळ होतं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम. (गावातला दुसरा, पहिला नापास झाला होता असं माझं मत आहे.) सगळे मला नावाऐवजी ‘बीकॉम’च म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी मंडळाकडे जमलेल्या पैशांचं काय करायचं, यावर मतदान ठरलं. अध्यक्ष हुसेनचाचा, म्हणजे शहरातल्या मुशैरिब बाजारातले कापडाचे व्यापारी, त्यांना गावाच्या वेशीवर देणगीदारांच्या नावांची कमान हवी होती. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात राहणाऱ्या पोरांना वरच्या मोहल्ल्यात नळ हवा होता. त्यांच्या आया अजून डोंगराखालच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. अडचण एवढीच, की मतपेटी एकच आणि ती शहरातल्या हॉलवर. कॅम्पातली पोरं शुक्रवारीसुद्धा अर्धा दिवस कामावर असायची, आणि कंपनीची बस शहरात यायची तेव्हा हॉलला कुलूप लागलेलं असायचं.

“मत द्यायची हौस असेल तर माणूस चालत येईल,” हुसेनचाचा म्हणाले.

यावर कॅम्पातला वेल्डर इब्राहिम मला हळूच म्हणाला, “भाईजान, कमान बांधा, आमची ना नाही. पण तिच्याखालून आमची आई हंडा घेऊनच जाणार ना?”

हे ऐकल्यावर माझ्यातला बी.कॉम. उठून उभा राहिला. मी कमिटीत ठणकावून सांगितलं की माणसं पेटीपर्यंत येऊ शकत नसतील तर पेटी माणसांपर्यंत गेली पाहिजे. कॅम्पाच्या मेसमध्ये दुसरी पेटी ठेवा. हुसेनचाचांनी परवानगी दिली, पेटी मात्र दिली नाही.

मग मी घरातली बर्फाची पेटी घेतली. कतारमधल्या प्रत्येक घरात असते तीच, निळी, पांढऱ्या झाकणाची. आमच्याकडे दोन होत्या. एकीच्या झाकणाला मी सुरीने फट पाडली. माझी बायको रुक्साना ते दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. (रुक्साना बोलली नाही की मी दुरुस्तीचा खर्च धरून ठेवतो.)

पेटी गुरुवारी मेसमध्ये बसली. शुक्रवारी नमाजानंतर आणायला गेलो तर कामावरून परतलेली पोरं अंगावरच्या धुळीसकट रांगेत उभी. इब्राहिमने शेवटची चिठ्ठी टाकली आणि पेटीवर हात ठेवून म्हणाला, “सांभाळून न्या.” मी म्हटलं, बी.कॉम. आहे मी. मग निवडणूक अधिकाऱ्याला शोभेल अशा थाटात फटीसकट सगळी पेटी तपकिरी टेपने गुंडाळली. मतमोजणी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर होती, म्हणून पेटी घरी आणली, दाराजवळ ठेवली, बिर्याणी जेवलो आणि आडवा झालो.

लोकशाहीवर संकट आलं ते याच झोपेत.

माझा मेहुणा, रुक्सानाचा धाकटा भाऊ नासिर, एका म्हाताऱ्या कतारी शेठकडे ड्रायव्हर होता. शेठना सगळे अरबाब म्हणायचे. अरबाबनी एकदा रुक्सानाच्या हातची सुरमई खाल्ली होती आणि तेव्हापासून ते नासिरकडे गाडीची नाही, सुरमईची चौकशी करायचे. त्या दुपारी रुक्सानाने वाटण लावलेल्या तुकड्या बर्फात घालून दुसऱ्या पेटीत भरल्या होत्या. गाडीत वास नको म्हणून माझीच टेप घेऊन ती पेटी गुंडाळली होती. नासिर आला, तेव्हा तिने पीठ मळता मळता आतूनच सांगितलं, “टेप लावलेली पेटी ने.” दाराजवळ टेप लावलेली पेटी होती. त्याने ती नेली. हलकी लागली तेव्हा आपाने या वेळी कंजुषी केली असं त्याला वाटलं, एवढंच.

मी उठलो तेव्हा रुक्साना शेजारी गेली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेप लावलेली पेटी दिसली. उचलली, तर कंबरेत कळ आली आणि ऊर भरून आला. केवढं हे मतदान! कागदाच्या चिठ्ठ्या आणि इतकं वजन!

हॉलवर टेबलाभोवती सगळे जमले. पेटी ठेवल्यावर टेबलावर पाणी ओघळलं.

हुसेनचाचा म्हणाले, “बीकॉम, मतं रडतायत का?”

मी तिकडे लक्ष दिलं नाही. दूरच्या माणसाच्या मताची किंमत काय असते, यावर मी घरून भाषण तयार करून आणलं होतं. ते पूर्ण केलं, टेप कापली आणि झाकण उघडलं.

आत लालभडक तुकड्या, आल्यालसणाचा घमघमाट.

हुसेनचाचांनी वाकून पाहिलं. “सगळी मतं पाण्याच्या बाजूची दिसतात.”

हसून हसून पाच मिनिटं कुणाला श्वास घेता आला नाही. मला मात्र पेटीवरचा इब्राहिमचा हात आठवत होता. कारण हसून झाल्यावर कुणीतरी म्हणालंच, की मग हॉलवरचीच मतं मोजू या. म्हणजे कमान नक्की. मी घरी फोन केला. रुक्सानाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमची मतं अरबाबच्या तव्यावर पडतायत. पळा.”

हुसेनचाचा उठले. मला वाटलं घरी निघाले. पण ते म्हणाले, “तू एकटा जाऊन पेटी आणलीस तर उद्या कुणीही शंका घेईल. मी येतो. यल्ला, चल.” आणि स्वतःची लँडक्रूझर काढली. विरोधकाच्या गाडीत बसून स्वतःची मतं शोधायला निघालेला मी पहिलाच प्रचारक असेन.

अरबाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुणे रुमाल पसरून बसले होते. दाराशी तवा तापला होता आणि नासिरने सुरी नुकतीच टेपला लावली होती.

“नासिर, थांब. त्यात सुरमई नाही, इब्राहिम आहे!” मी ओरडलो. पाहुण्यांना त्यातला ‘इब्राहिम’ एवढाच शब्द कळला असावा, दोघे पेटीकडे बघत ताडकन उठले.

हुसेनचाचांनी आपल्या कापडबाजारी अरबीत सगळं समजावलं. अरबाब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कतारमध्येही नुकतंच लोकांनी पहिल्यांदा नगरपरिषदेसाठी मत टाकलं होतं. त्यांनी हुसेनचाचांना विचारलं, “माझी पेटी माझ्या घराजवळ होती. तुमच्या पोरांची लांब का?” हुसेनचाचांनी पेटी स्वतः उचलली आणि गाडीकडे चालू लागले.

टेप शाबूत होती. पेटी हॉलवर आली, हुसेनचाचांनी स्वतः चिठ्ठ्या वाचल्या आणि नळ जिंकला. सुरमई तोवर मंडळींनी तळून संपवली होती. रुक्सानाने अरबाबसाठी पुन्हा केली, तीही मला एक शब्द न बोलता.

आज वरच्या मोहल्ल्यात नळ आहे. मी गावी गेलो की इब्राहिमची आई पहिला तांब्या मला देते. त्या पाण्याची चव घेताना मला रुक्साना, अरबाब, आणि हो, हुसेनचाचाही आठवतात. सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

पुढच्या सभेत हुसेनचाचांनीच ठराव मांडला, की यापुढे प्रत्येक कॅम्पात मतपेटी ठेवावी. अट एकच, पेटी बीकॉमच्या घरी नेऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला होता. रुक्सानाने दोन्ही.