हवा काढायची तोटी

"या पंपाला दोन माणसं लागतात," असं व्हर्लिन टेश सगळ्यांना सांगायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्याच्या गॅरेजात बिअर शिजायची, तेव्हा ती गरम बिअर पुढे ढकलणाऱ्या पंपात हमखास हवा अडकायची. मग तो शेजारच्या लोर्नाला हाक मारायचा. ती रबरी हातमोजे घालून गरम नळी उंच धरायची, तो पातेल्याची तोटी उघडायचा, की हवा निघून जायची. "हा म्हातारा पंप तुझ्यासारखाच अडून बसतो रे," ती हसायची. तेवढ्या हसण्यावर त्याचा महिना निघायचा.

आज त्याच्या जावयाने, कर्टने, पंपावर हवा काढायची छोटी तोटी बसवली. ती फिरवताच पंप चालू लागला.

"झालं, बाबा! आता लोर्नाबाईंना त्रास नको."

लोर्ना नेहमीसारखी येऊन उभीच होती.

"सुटले बाई एकदाची!" हातमोजे काढत ती म्हणाली.

व्हर्लिन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला हवी होती ती हळहळ तिथे काही दिसेना. पंप तसाच चालू ठेवून तो बाहेर पडला.