शेरवानीची शिवण

पोटाच्या कॅन्सरचं तिसरं केमो झालं आणि ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागला. तो आत घ्यायला बसले, तर सुईत दोरा ओवताना परंड्यातले अब्बा समोर आले.

निजामाचा अंमल होता, मी सात वर्षांची. अब्बा गावचे शिंपी. त्यांच्या पोटात गाठ झालेली. हकीमसाहेबांच्या काढ्याशिवाय इलाज नव्हता. दर शुक्रवारी नमाजला निघण्याआधी ते आपली शेरवानी उलटी करून शिवण थोडी आत घेत. हात थरथरायचे, म्हणून मला म्हणत, "बेटी, दोरा ओवून दे."

शेरवानी अंगाला नीट बसायची. वाटेत लोक थांबवायचे. "मास्तर, तब्येत लई ब्येस दिसती!"

"व्हय, काढा लागू पडला," अब्बा हसायचे. मलाही ते खरंच वाटायचं.

ते गेल्यावर अम्मीनं शेरवानीचं अस्तर उसवलं. आत शिवणीमागं शिवण, दर शुक्रवारची एक. प्रत्येकीतला दोरा मीच ओवलेला.

"नानी, दोरा ओवून देऊ?" नात शेजारी येऊन बसली होती.

"नको बेटी," मी म्हणाले, आणि सुई मुठीत घट्ट मिटून घेतली.