झिक्रीतचा टोपीवाला आणि सलीमभाई

दर शुक्रवारी दोन गाड्या काढून कतारच्या वाळवंटात जाणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे किस्से गाडीतल्या वाळूसारखे आहेत. कितीही झटका, सीटखाली थोडे उरतातच.

आमचे गाइड सलीमभाई. मूळचे रत्नागिरीचे, मेसईदच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. झिक्रीतच्या माळावर वाऱ्याने कोरलेले खडक उभे आहेत, खाली बारीक, वर रुंद. सलीमभाईंनी एकेकाचं बारसं केलं: टोपीवाला, अर्धी भाकरी, मामलेदार. "आमचे बाबा दर्यावर दोन डोंगर एका रेषेत धरून जाळं टाकायचे. हितं दगड धरायचे, हायवे गावतो." आणि गावायचा!

*

आमच्यातल्या इंजिनियर देवधरांच्या मुलीला शाळेत कतारमधली प्रसिद्ध खूण काढायला सांगितली. सगळ्या वर्गाने वेस्ट बेचे उंच काचेचे टॉवर काढले, हिने टोपीवाला. टीचरने विचारलं, हे काय?

"सलीम अंकल्स रॉक. यू टर्न लेफ्ट देअर."

*

मग ती चूक झाली. एका हिवाळ्यात सलीमभाईंनी दगड सोडून एक भलामोठा पांढरा तंबू खूण म्हणून धरला. काही शुक्रवार रस्ता बिनचूक. पण कॅम्पिंगचा सीझन संपला, मालक तंबू गुंडाळून घरी गेला आणि आम्ही दोन तास एकाच टेकाडाला प्रदक्षिणा घालत बसलो!

देवधर म्हणाले, "सलीमभाई, पुढच्या वेळी उंट धरा."

त्या दिवसापासून पुढच्या सीटवर देवधर आणि त्यांच्या फोनमधला नकाशा, सलीमभाई मागे. ते हसले, पण त्यांना लागलं होतं. मलाही वाईट वाटलं.

*

गेल्या ऑक्टोबरात देवधरांचा फोन डॅशबोर्डवर तापून बंद पडला. बाकीच्यांच्या फोनला रेंज नाही. ऊन उतरत होतं आणि पुढे सगळी खारी, ओली जमीन. त्यात चाक रुतलं की खलास.

"सलीमभाई, पुढे बसता का?" देवधर म्हणाले. जड गेलं असणार त्यांना.

सलीमभाईंनी पुढे बसून काच खाली केली. "मामलेदाराच्या पाठी भाकरी लपू दे. लपली? आता यल्ला, चला सरळ."

वाटेत एक कतारी तरुण नवीकोरी गाडी थांबवून उभा होता. गाडीतला नकाशा त्याला सारखा समुद्रात नेत होता. सलीमभाईंनी त्याला मागून यायची खूण केली. अर्ध्या तासात हायवे! मी तर टाळ्याच वाजवल्या.

तो तरुण उतरून आमच्या खिडकीशी आला. "शुक्रन, चाचा. आप इधर का गाइड है? कब से?"

सलीमभाईंनी मागे वळून देवधरांकडे पाहिलं. देवधरांनी मान डोलावली.

"आज से," सलीमभाई म्हणाले.